स्मृतिदिनाच्या पडद्यावर तो फोटो नको

प्रश्न :

नमस्कार. माझा थोरला भाऊ अकरा वर्षांपूर्वी एका बॉम्बस्फोटात गेला. ज्या संघटनेनं तो स्फोट घडवला तिचा म्होरक्या गेल्या महिन्यात चकमकीत मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मृतदेहाचे फोटो अधिकृतपणे जाहीर झाले आणि तासाभरात आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडले. आधी काकांनी टाकले, मग कुणी अंगठे दाखवले, कुणी नाचणारी चित्रं टाकली. माझा तेरा वर्षांचा भाचाही त्याच ग्रुपवर आहे. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. तो फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि लाज का वाटावी म्हणून रागही आला.

पुढच्या महिन्यात दादाचा स्मृतिदिन आहे. त्याचे मित्र, त्या स्फोटात गेलेल्या इतरांचे नातेवाईक असे दीड-दोनशे जण जमतात. या वेळी काकांनी आणि आयोजकांनी ठरवलंय की मोठ्या पडद्यावर दादाचा फोटो लावायचा, शेजारी त्या माणसाच्या प्रेताचा, आणि खाली लिहायचं, ‘न्याय झाला’. मी नको म्हटलं तर काका म्हणाले, “त्यांनी आपल्या माणसांची प्रेतं जगभर दाखवली तेव्हा कुठं होती तुमची नीतिमत्ता?” मला उत्तर सुचलं नाही.

त्यात आई. ती पंच्याहत्तर वर्षांची आहे, स्मार्टफोन वापरत नाही. बातमी कळल्यापासून तिचं एकच चाललंय, “मला बघू दे, खरंच मेलाय का.” मी आज-उद्या करत टाळतेय. आईला फोटो दाखवू का? आणि कार्यक्रमात दाखवायला विरोध केला तर मी त्या माणसाची बाजू घेतल्यासारखं होईल का?

– एक बहीण

उत्तर :

ताई, आईला दाखवा. पडद्यावर लावू देऊ नका. आणि नाही, त्यात त्या माणसाची बाजू घेणं कुठंच येत नाही.

तुम्हाला बरं वाटलं, त्याबद्दल आधी. ज्यानं भाऊ नेला तो आता आणखी कुणाचा भाऊ नेणार नाही, हे कळल्यावर बरं वाटणार नाही तर काय होणार? त्याबद्दल स्वतःला फटके मारू नका. फोटो मोठा करून पाहिलात, तेही समजण्यासारखं आहे. मनात काय उमटावं यावर आपला ताबा नसतो. दोनशे लोकांपुढे काय लावावं, यावर असतो. माझा सगळा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे.

आता आई. ती जे मागतेय त्याला मी पुरावा म्हणेन, आणि तो मागण्याचा तिला हक्क आहे. माणूस मेला की नाही याची खात्री नसली म्हणजे काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. नंतर एक धड सापडलं, अंगावरच्या खुणांवरून ते त्यांचंच असं ठरवून अंत्यसंस्कार झाले. पण पुण्यात कुणाची पुरती खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मानलं नाही. आणि मग ‘मीच भाऊ’ म्हणत तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड दिल्यावर ते प्रकरण मिटलं. लढाईनंतर तब्बल पंधरा वर्षांनी. तेव्हा ‘खरंच मेलाय का’ या प्रश्नाला कुणी विकृत कुतूहल म्हणालं तर मला ते पटणार नाही.

पण खात्री कशानं पटते, हे जरा नीट पाहू, कारण प्रेताचे फोटो जाहीर करणारे नेहमी हेच कारण पुढे करतात.

सद्दाम हुसेनची दोन मुलं, उदय आणि कुसय, 22 जुलै 2003 रोजी मोसुलमध्ये अमेरिकन फौजेकडून मारली गेली. त्या दोघांची दहशत अशी, की ते खरंच गेले यावर इराकी माणसाचा विश्वास बसेना. म्हणून दोन दिवसांनी फोटो जाहीर केले. रक्ताळलेले, दाढी वाढलेले चेहरे. लोक म्हणाले, हे ते नव्हेत. मग दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बगदाद विमानतळावरच्या एका तंबूत नेऊन मृतदेहच दाखवले. तोवर चेहऱ्यांवरच्या जखमा बुजवल्या होत्या, दाढ्या नीट केल्या होत्या, दोघंही ओळखू यावेत अशी रंगरंगोटी झाली होती. परिणाम? चेहरे मेणाचे दिसतात म्हणून काहींचा संशय उलट बळावला. प्रत्यक्षात ओळख पटली होती ती दातांच्या नोंदींवरून आणि एक्स-रेवरून. 1996 च्या हल्ल्यात उदय जबर जखमी झाला होता, त्या जुन्या दुखापती हाडांवर होत्याच. म्हणजे पुरावा डॉक्टरांच्या कागदात होता. चेहरा दाखवला तो लोकांसाठी, आणि लोकांना तोच खोटा वाटला.

श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांचा म्होरक्या प्रभाकरन, त्याचंही तेच. मे 2009 मध्ये श्रीलंकेच्या सैन्यानं त्याचा मृतदेह टीव्हीवर दाखवला. डोळे उघडे, कपाळावर कापड टाकलेलं. एके काळच्या त्याच्याच साथीदाराला आणून ओळख पटवली. एवढं करून फेब्रुवारी 2023 मध्ये तमिळनाडूतले ज्येष्ठ नेते पळ नेडुमारन यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, प्रभाकरन जिवंत आहे. ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याला फोटो दाखवून काही होत नाही.

याच्या उलट उदाहरण ओसामा बिन लादेनचं. 2 मे 2011 ला अबोटाबादमध्ये तो मारला गेला, डीएनएवरून ओळख पटवून मृतदेह समुद्रात सोडला. फोटो होते. पुढे एका खटल्यात सीआयएकडे अशा 52 प्रतिमा असल्याचं समोर आलं. ओबामांनी त्या जाहीर करायला नकार दिला. असल्या गोष्टी विजयचिन्हासारख्या मिरवायच्या नाहीत, त्या आम्हाला शोभणाऱ्या नाहीत, असा त्यांचा रोख होता. शिवाय त्यातून हिंसा भडकेल ही भीती. 2013 मध्ये अपील कोर्टानंही ते फोटो गुप्त ठेवणं मान्य केलं. मग खात्री कशी पटली? चारच दिवसांत अल कायदानं स्वतःच त्याचा मृत्यू मान्य केला. आपलाच माणूस गेल्याचं त्यांनीच म्हटल्यावर बाकी कशाची गरज उरत नाही. (आजही तो मेलाच नाही म्हणणारे भेटतात. ते 52 च्या 52 फोटो पाहूनही तेच म्हणतील.)

एक अपवाद मी मान्य करते, नाहीतर माझं म्हणणं फारच सोवळं होईल. डिसेंबर 1989 मध्ये रुमानियात रस्त्यांवर गोळीबार चालू होता. हुकूमशहा चाउशेस्कू पळून गेला, पकडला गेला की परत येतोय, कुणालाच ठाऊक नव्हतं. 25 डिसेंबरला त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या आणि ते चित्रण टीव्हीवर दाखवलं. त्याआधी चालवलेला खटला म्हणजे शुद्ध फार्स होता, पण जुलमी माणूस गेला हे कळेपर्यंत लोक दाराबाहेर पडायला धजत नाहीत आणि त्याचे लोक बंदुका खाली ठेवत नाहीत, अशा वेळी प्रेत दाखवणाऱ्याला मी सरसकट दोष देणार नाही. तुमच्या सभागृहात अशी कुठली भीती आहे? तिथं येणाऱ्या प्रत्येकाला तो मेल्याचं बरंच आधीपासून माहीत आहे. म्हणजे पडद्यावरचा फोटो कुणालाच काही कळवणार नाही. तो फक्त मिरवला जाईल.

मिरवण्यानं बघणाऱ्यांचं काय होतं, त्याचं एक चित्र लिबियातल्या मिसराता शहराचं आहे. 20 ऑक्टोबर 2011 ला तिथला हुकूमशहा गद्दाफी मारला गेला आणि त्याचा मृतदेह बाजारातल्या एका शीतगृहात, जिथं मांस साठवायचे तिथं, जमिनीवर एका गादीवर टाकून ठेवला. चार दिवस बाहेर रांग. मृतदेह खराब होत चाललेला, पहारेकरी येणाऱ्यांना तोंडाला बांधायला मास्क देताहेत, आणि माणसं मास्क लावून, मोबाइल उंचावून फोटो काढताहेत. काहींनी लहान मुलं सोबत आणलेली. या माणसांनी चाळीसेक वर्षं त्याचं राज्य सोसलं होतं. त्यांच्या संतापाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. तरी त्या रांगेतल्या फोटोंकडे पाहताना नजर प्रेतावर ठरत नाही. ती मोबाइल धरलेल्या हातांवर जाते. तुमच्या दादाच्या स्मृतिदिनाचेही फोटो निघतील, ताई. त्यात कोण कोणाकडे कसं पाहत असेल, याचा विचार करा.

आता काकांचा प्रश्न. तो टाळू नका, कारण त्यात तथ्य आहे. त्यांनी खरंच तसं केलं, आणि तेव्हा जगानं फार काही केलं नाही. पण काकांना विचारा, तेव्हा आपल्याला राग नेमका कशाचा आला होता? आपल्या माणसांचे देह तमाशासाठी वापरले म्हणून आला ना? मार्च 2003 मध्ये इराकी टीव्हीनं पकडलेले आणि मेलेले अमेरिकन सैनिक दाखवले, तेव्हा अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी, रम्सफेल्ड यांनी, जिनिव्हा कराराकडे बोट दाखवलं. चार महिन्यांनी उदय-कुसयचे फोटो जाहीर करण्याचा निर्णय त्यांचाच. त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं: इराकींची भीती जाईल, सैनिकांचे जीव वाचतील. पण त्यानंतर कुणी आपल्या मेलेल्या सैनिकाचं चित्र दाखवलं की तक्रार करायला तोंड उरत नाही. काकांचा आजचा राग खरा राहावा असं वाटत असेल, तर ज्याचा राग आला तेच आपण करून कसं चालेल?

आणि ‘त्यांनी केलं म्हणून’ हा हिशेब चुकता होत नाही, हे इटलीतल्या मिलानच्या चौकात दिसलंय. ऑगस्ट 1944 मध्ये पिआत्झाले लोरेतो इथं फॅसिस्टांनी पंधरा बंडखोरांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं लोकांना दिसावीत म्हणून उन्हात पडू दिली. 29 एप्रिल 1945 ला त्याच चौकात मुसोलिनीचं प्रेत आणून टाकलं. लोकांनी लाथा घातल्या, मग पेट्रोल पंपाच्या लोखंडी सांगाड्याला ते उलटं टांगलं. जागा मुद्दाम तीच निवडलेली. त्या पंधरांच्या घरच्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त समजू शकाल. पण वर्षभरात मुसोलिनीच्या चाहत्यांनी ते प्रेत निनावी थडग्यातून पळवलं, 1957 मध्ये ते त्याच्या गावी पुरलं गेलं, आणि तिथं आजही सलाम ठोकणारे जातात. आणि लोरेतो म्हटलं की जगाला आठवतं ते उलटं टांगलेलं प्रेत. ते पंधरा कोण होते हे कुणाला आठवतं?

दादाच्या शेजारी तो फोटो लावू नका, याचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. एकदा दोघांना एका चौकटीत बसवलंत की ते पुन्हा वेगळे होत नाहीत. त्या पडद्याचा फोटो कुणीतरी काढणार, तो फिरणार, आणि उद्या दादाचं नाव शोधणाऱ्या भाच्यासमोर पहिल्यांदा तो माणूस येणार.

शिवाय प्रेताचं चित्र लावणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे वागतंच असं नाही. मार्च 1689 मध्ये औरंगजेबानं संभाजी महाराजांना मारलं आणि त्यांचं शिर दख्खनच्या शहरांतून मिरवलं, असं त्या काळचे इतिहासकार लिहितात. मराठ्यांचं धैर्य खचावं हा हेतू. पुढची अठरा वर्षं, स्वतःच्या मरणापर्यंत, तो याच मुलखात लढत राहिला. ऑक्टोबर 1967 मध्ये बोलिव्हियाच्या लष्करानं क्रांतिकारक चे गेव्हाराला मारून व्हायेग्रांदेच्या इस्पितळातल्या धुण्याच्या जागेत ठेवलं आणि पत्रकारांना बोलावलं. बघा, संपला. त्या फोटोतला उघड्या डोळ्यांचा माणूस लोकांना संतासारखा वाटला. ऑक्टोबर 2024 मध्ये गाझातल्या रफाह इथं हमासचा म्होरक्या याह्या सिनवार मारला गेला. त्याची ओळख दात, बोटांचे ठसे आणि डीएनएवरून पटली. तो 22 वर्षं इस्रायलच्याच तुरुंगात होता, त्यामुळे नोंदी हाताशी होत्या. तेवढं पुरे होतं. पण इस्रायली सैन्यानं ड्रोनचं चित्रणही जाहीर केलं: धुळीनं माखलेला जखमी माणूस खुर्चीत बसलाय आणि ड्रोनच्या दिशेनं काठी भिरकावतोय. दाखवणाऱ्यांना त्यात पराभव दिसला. त्याला मानणाऱ्यांनी तेच दृश्य ‘शेवटच्या श्वासापर्यंत लढला’ म्हणून भिंतींवर रंगवलं. तुमच्या दादाचा जीव घेणारा बॉम्ब ज्यानं ठेवायला लावला, त्याला असं चित्र फुकट मिळवून द्यायचं आपल्याला काय अडलंय?

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण काका तेही विचारतील. 1949 च्या जिनिव्हा करारांत मृतांना शोधावं, त्यांची विटंबना आणि लूट होऊ देऊ नये, ओळख पटवावी आणि सन्मानानं दफन करावं, असं बंधन लढणाऱ्या पक्षांवर आहे. मेलेल्याचा फोटो छापू नये असं थेट वाक्य त्यात नाही. पण 2017 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयानं एका माणसाची शिक्षा कायम केली, ज्यानं सीरियात सळयांवर लावलेल्या शत्रुसैनिकांच्या शिरांसोबत फोटो काढून घेतले होते आणि ते फेसबुकवर गेले होते. मृत माणसालाही युद्धाच्या कायद्याचं संरक्षण आहे, असं त्या न्यायालयानं म्हटलं. तुमच्या पडद्यावर कुणी खटला भरणार नाही, हेही खरं. तुमचा प्रश्न कायद्याचा नाहीच.

आता आईला कसं दाखवायचं ते. ग्रुपवरचा फोटो तसाच उघडून तिच्या हातात देऊ नका. त्याखाली लोकांनी टाकलेली नाचणारी चित्रं तिला दिसायला नकोत. जाहीर झालेल्या फोटोंपैकी फक्त चेहऱ्याचा, जखमा कमीत कमी दिसणारा एकच निवडा. दुपारी दाखवा, रात्री झोपायच्या आधी नको. आधी तोंडी सांगा, यात काय दिसतंय, डोळे उघडे आहेत की मिटलेले, रक्त आहे का. एवढं ऐकूनच ती ‘राहू दे’ म्हणेल, असंही होऊ शकतं. तसं म्हणाली नाही, तर शेजारी बसून दाखवा आणि गप्प बसा. ती रडेल, शिव्या देईल किंवा काहीच बोलणार नाही. पुन्हा मागितला तर पुन्हा दाखवा. फक्त कार्यक्रमाआधी हे व्हायला हवं. दीड-दोनशे माणसांत, माना वळवून सगळे आपल्याकडे बघत असताना, भिंतीएवढा चेहरा तिनं पहिल्यांदा पाहावा, हे मला अघोरी वाटतं. आणि हे त्या सभागृहातल्या प्रत्येक घराबद्दल खरं आहे. तिथं आणखीही आया असतील, ज्यांना तो चेहरा जन्मात पाहायचा नाही. त्यांना कुणी विचारलंय का?

काकांशी हाच मुद्दा धरून बोला. नीतिमत्तेवर वाद घातलात तर तो जेवणं होईपर्यंत चालेल आणि हाती काही लागणार नाही. त्यांना सांगा, बातमी व्यासपीठावरून जरूर सांगूया, काका तुम्हीच सांगा: ज्यानं हे घडवलं तो अमुक तारखेला मारला गेला. टाळ्या पडल्या तर पडू देत. पडद्यावर मात्र त्या दिवशी गेलेल्या सगळ्यांची नावं आणि चेहरे. घरोघरी फोन करून फोटो गोळा करायचं काम काकांनाच द्या; अशा माणसाला हातात काहीतरी हवं असतं.

‘न्याय झाला’ या ओळीबद्दल मात्र मी साशंक आहे. चकमकीत मेलेल्या माणसाला कुणी काही विचारू शकलं नाही. पैसे कुणी दिले, बॉम्ब कुणी ठेवला, हे त्याच्याबरोबर गेलं. ती ओळ ठेवायची की नाही, हे तुम्ही स्फोटात माणसं गमावलेल्या घरांनी ठरवा. त्यात माझं मत मोजू नका.

राहिला भाचा. ग्रुपवरून फोटो काढायला सांगितलेत तरी त्यानं तो पाहिलाय आणि बहुधा मित्रांनाही पाठवलाय. रागावू नका. त्याला विचारा, पाहून काय वाटलं. ‘भारी वाटलं’ म्हणाला तर तुम्हालाही आधी तसंच वाटलं होतं, हे त्याला सांगा. नंतर काय वाटलं, तेही सांगा. मामा गेला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला मामाबद्दल जे माहीत आहे त्यात स्फोट आणि हा माणूस यापलीकडे काय आहे, ते एकदा तपासून बघा. कार्यक्रमात दादाबद्दल चार वाक्यं बोलायला त्याला उभं करता आलं तर करा, आणि ती वाक्यं लिहायला आजीजवळ बसवा.